उन्हाळ्यांतील संकल्पांची यादी



वार्षिक परीक्षा आटोपल्या, शाळांना कुलुपें लागलीं आणि दुपारच्या वेळीं रस्ते ओस पडूं लागले, म्हणजे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून एक उद्योग हटकून सुरू होतो. हा उद्योग याद्या करण्याचा. वर्षभर "सवड मिळाली कीं करूं" म्हणून बाजूस सारलेलीं कामें या सुमारास मनांत एकदम गर्दी करतात. मग कोणी वहीच्या पाठकोऱ्या पानावर, कोणी दिनदर्शिकेच्या समासांत, तर कोणी हातांतल्या मोबाईलवर तीं सारीं उतरून काढतो. ज्ञानेश्वरी एकदां समग्र वाचणें, पहाटे उठून तासभर चालणें, कित्येक वर्षें झाकून ठेवलेली बाजाची पेटी पुन्हां हातीं धरणें, जुनीं छायाचित्रें निवडून त्यांच्या पाठीं नांवें लिहिणें, पोहावयास शिकणें, मोडी लिपीची ओळख करून घेणें, रायगड पाहून येणें. यादी तयार झाली म्हणजे मनाला मोठें समाधान वाटतें, आणि खरा धोका तेथेंच असतो. हें समाधान काम लिहून ठेवल्याचें असतें. परंतु काम केल्याच्या समाधानाशीं त्याची चव इतकी जुळते कीं मनाला दोहोंतला फरक लवकर कळत नाहीं.

पुढें काय होतें तें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. मे महिन्याचा पहिला आठवडा प्रवासाच्या तयारींत जातो, दुसरा लग्नकार्यांत, तिसरा पाहुण्यांत आणि चौथा उकाड्याची तक्रार करण्यांत. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पुस्तकांना वेष्टणें घालण्याची घाई उडते, आणि कोठल्या तरी खणांत ती यादी सांपडते. तिच्यांतील एखादें काम झालेलें असतें. बहुधा रायगडचें, कारण त्यासाठीं गाडी आधींच ठरविलेली होती. बाकीचीं कामें दिवाळीवर आणि दिवाळींतून पुढच्या उन्हाळ्यावर जातात.

अशा वेळीं आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतों, किंवा आपली इच्छाशक्ति दुबळी आहे असें म्हणतों. या निदानाशीं मी सहमत नाहीं. ज्या घरांत ही यादी अपुरी राहते, त्याच घरांत, त्याच उन्हाळ्यांत दुसरी एक यादी पिढ्यानपिढ्या पुरी होत आलेली आहे, आणि ती याहून कितीतरी लांब व कष्टाची आहे. ती यादी म्हणजे पावसाळ्याची बेगमी. आज तिच्याकडे जरा बारकाईनें पाहावें आणि आपल्या खासगी संकल्पांना तिच्यापासून काय घेतां येईल तें सांगावें, एवढाच माझ्या भाषणाचा हेतु आहे.

या बेगमीचें रूप आठवून पाहा. उडदाचे पापड, गव्हाच्या कुरडया, साबुदाण्याच्या व तांदळाच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगे, भरून वाळविलेल्या मिरच्या. वर्षाचें तिखट, हळद आणि काळा मसाला. चिंच फोडून मीठ लावून ठेवणें. कैऱ्यांचें लोणचें, साखरांबा, मुरंबा. डाळींना ऊन दाखवून डबे भरणें. कोंकणपट्टींत पावसाच्या तोंडाला आगोट म्हणतात, आणि तिकडे या आगोटीच्या तयारींत आमसुलें, आंब्याचीं साटें, फणसाचे पापड, सुकी मासळी, जळाऊ लांकूड आणि घराचीं कौलें शाकारणें यांचीहि भर पडते. देशावर शेतकरी याच दिवसांत नांगरट उरकतो, ढेकळें फोडतो, खत पसरतो आणि बांध दुरुस्त करतो. पुष्कळ शहरी घरांतून हा खटाटोप आतां कमी झाला आहे. सदनिकेला गच्ची नसते, घरांतील दोघेंहि नोकरीला जातात, आणि पापड दुकानांत मिळतात. तरी ज्यांनीं तो पाहिला आहे त्यांना एक गोष्ट आठवेल. ही यादी कोणी कागदावर लिहीत नसे, ती पुरी करण्याची कोणी शपथ घेत नसे, आणि ती पुरी झाल्याबद्दल कोणाचा सत्कारहि होत नसे. पण मृग लागावयाच्या आंत बरण्यांना दादरे बांधले जात.

हें घडवून आणणाऱ्या गृहिणीच्या अंगीं मोठें सामर्थ्य होतें यांत शंका नाहीं. परंतु तें सामर्थ्य तिच्या यादीच्या रचनेंतहि होतें. त्या रचनेचीं मला पांच अंगें दिसतात.

पहिलें अंग म्हणजे मुदत. सूर्य मृग नक्षत्रांत ७ किंवा ८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो. हवामान खात्याच्या हिशेबानें नैर्ऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणें १ जूनला केरळांत आणि त्यानंतर दहाएक दिवसांनीं मुंबईंत पोंचतात. ही मुदत माणसानें ठरविलेली नाहीं, म्हणून माणसाला ती पुढें ढकलतां येत नाहीं. कुरडई ओली असतांना पावसानें गांठली तर ती आंबते. आमसुलांसाठीं कोकमाच्या सालींना त्यांच्याच रसाचीं पुटें देत पुन्हां पुन्हां वाळवावें लागतें, आणि मध्येंच आभाळ भरून आलें तर सारे श्रम वायां जातात. कुरडईला पुढच्या आठवड्याचें आश्वासन देतां येत नाहीं. ज्ञानेश्वरीला मात्र आपण तें दररोज देत असतों. यासाठीं आपल्या संकल्पालाहि एक मृग नक्षत्र शोधून दिलें पाहिजे. मनाशीं तारीख ठरवून भागत नाहीं, कारण मनाशीं ठरविलेली तारीख मनच बदलतें. ती दुसऱ्याच्या हातीं द्यावी. पेटी शिकावयाची असेल तर बहिणीला आजच कळवावें, कीं १० जूनला तूं आलीस म्हणजे तुला तीन गाणीं वाजवून दाखवीन. पोहावयास शिकावयाचें असेल तर महिन्याची फी आगाऊ भरावी. मघांशीं रायगडचें काम तेवढें पार पडलें याचें कारण हेंच. ठरविलेली गाडी दाराशीं येऊन उभी राहते.

दुसरें अंग म्हणजे माप. गृहिणी "यंदा पुष्कळ पापड करीन" असें म्हणत नाहीं. इतक्या डाळीचे, इतके डबे, असा तिचा हिशेब असतो. आपल्या यादींत मात्र "वाचन वाढविणें", "प्रकृतीकडे लक्ष देणें" अशीं वाक्यें असतात. तीं केव्हां पुरीं झालीं हें खुद्द लिहिणाऱ्यालाहि सांगतां येणार नाहीं. शिवाय माप असून भागत नाहीं, तें सारखें असावें लागतें. ज्ञानेश्वरीचेंच उदाहरण घ्या. अठरा अध्याय आहेत म्हणून कोणी रोज एक अध्याय वाचण्याचा नेम करील, तर बारावा अध्याय त्याला सोपा जाईल, कारण तो अडीचशें ओव्यांच्या आंत आहे. परंतु अठरावा अठराशें ओव्यांच्या घरांत जातो, आणि नेम नेमका शेवटच्या पायरीवर मोडतो. ग्रंथाच्या एकंदर ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत. सुट्टीचे सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस धरले, तर दिवसाला सव्वादोनशें ओव्या पुरतात. नुसतें वाचन केलें तर तेवढ्याला तासाभराहून फारसा अधिक वेळ लागूं नये. अर्थ लावीत वाचावयाचें असेल तर मात्र हें माप झेपणार नाहीं, आणि तसें आरंभींच कबूल करून नऊच अध्याय घ्यावेत हें बरें. पुरें झालेलें अर्धें काम हें अपुऱ्या राहिलेल्या पूर्ण कामापेक्षां मोलाचें असतें.

तिसरें अंग म्हणजे क्रम. कुरडई हा एका दिवसाचा पदार्थ नाहीं. गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें. मग वाटून चीक काढावयाचा, तो रात्रभर बसूं द्यावयाचा, सकाळीं वरचें पाणी ओतून टाकून चीक शिजवावयाचा आणि गरम असतांनाच सोऱ्यांतून घालावयाचा. म्हणून जाणती बाई "आज कुरडया करावयाच्या" असें म्हणण्यापूर्वीं चार दिवस "आज गहूं भिजत घालावयाचे" असें म्हणते. आपल्या संकल्पांत हा गहूं भिजत घालण्याचा दिवसच नसतो. पेटी वाजविण्याचें पहिलें पाऊल म्हणजे ती माळ्यावरून खालीं काढणें. दुसरें, भाता फाटला असेल तर दुरुस्तीला देणें. तिसरें, शिकविणारा माणूस शोधणें. यांतलें प्रत्येक पाऊल लहान आहे, पण यादींत एकहि लिहिलेलें नाहीं. तेथें नुसती "पेटी" हा एक शब्द आहे, आणि तो रोज सकाळीं आपल्याकडे डोळे वटारून पाहतो. माझी सूचना अशी, कीं प्रत्येक संकल्पाखालीं उद्यांच करतां येईल अशी एक कृति लिहावी. ती झाली कीं पुढची लिहावी.

चौथें अंग म्हणजे वेळ आणि जागा. वाळवणाचीं कामें पहाटे सुरू होतात, कारण ऊन चढण्यापूर्वीं माल गच्चीवर गेला पाहिजे. दुपारीं बारा ते चार या वेळांत आपल्याकडचा उन्हाळा कोणालाच धडपणें काम करूं देत नाहीं. मात्र यादी करणारा मनुष्य "सुट्टींत दिवसभर वेळच वेळ आहे" अशा समजुतींत असतो. खरें पाहतां उन्हाळ्याच्या दिवसांत डोकें चालेल असे तास फार थोडे. सकाळचे साडेपांच ते आठ हा त्यांतील राजमार्ग. उन्हें उतरल्यावर तासभर ही दुसरी वाट. या वेळा वर्तमानपत्रानें आणि मोबाईलनें घेतल्या, म्हणजे दिवस कितीहि मोकळा असला तरी यादीच्या वांट्याला घामाची दुपारच येते. म्हणून कामाला तास नेमावा आणि त्याबरोबर जागाहि नेमावी. खिडकीपाशीं एक चटई, तिच्यावर उघडें पुस्तक. प्रत्येक वेळीं पुस्तक शोधण्यापासून सुरुवात करावी लागली तर निम्मा उत्साह शोधण्यांतच खर्चीं पडतो.

पांचवें अंग म्हणजे सोबत. पापड एकटीनें लाटावयाचे नसतात. आज हिच्याकडे, उद्यां तिच्याकडे अशी पाळी असते. शेजारणी आपापलें पोळपाट-लाटणें घेऊन येतात, बोलतां बोलतां लाट्यांची रास संपते, आणि मुलें कावळे हांकण्याच्या निमित्तानें लाट्या खात बसतात. ज्या दिवशीं हात दुखतो त्या दिवशींहि बाई उठून जाते, कारण काल तिच्या घरीं चौघी आल्या होत्या. आपल्या खासगी संकल्पाला साक्षीदार नसतो, म्हणून तो मोडतांना आवाजहि होत नाहीं. पहाटे फिरावयाचें असेल तर कोपऱ्यावर वाट पाहणारा एक शेजारी असावा. मोडी शिकावयाची असेल तर दोघांनीं शिकावी आणि एकमेकांना मोडींत चिठ्ठ्या लिहाव्यात. रोज गांठ पडणारें एक माणूस यासाठीं पुरेसें आहे.

हीं पांच अंगें जमविलीं तरी रोजची नोंद करण्याचा प्रश्न राहतोच. वाळवण डोळ्यांना दिसतें. डबा भरत जातो. सद्‌गुण, अभ्यास, व्यायाम यांचा डबा कोठें दिसणार? या प्रश्नाचें एक सुबक उत्तर अमेरिकेचे बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं अठराव्या शतकांत शोधलें होतें. त्यांनीं आत्मचरित्रांत तें सविस्तर सांगितलें आहे. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग अशा गुणांची त्यांनीं यादी केली. प्रथम ती बारा गुणांची होती. आपण गर्विष्ठ समजले जातों असें एका मित्राकडून कळल्यावर त्यांनीं नम्रता हा तेरावा गुण जोडला. मग एका लहान वहींत प्रत्येक गुणाला एक पान देऊन त्यावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने आंखले. ज्या दिवशीं चूक होईल त्या दिवसाच्या रकान्यांत एक काळा ठिपका. तेरा गुण एकदम साधण्याचा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. एका आठवड्यांत मुख्य लक्ष एकाच गुणाकडे. दुसऱ्या आठवड्यांत त्याच्या पुढच्याकडे. अशी तेरा आठवड्यांची एक फेरी, आणि वर्षाला चार फेऱ्या.

या वृत्तांतांतील मला विशेष वाटणारा भाग निराळाच आहे. व्यवस्थितपणा हा गुण फ्रँक्लिनना अखेरपर्यंत साधला नाहीं, आणि तें त्यांनीं हंसतमुखानें लिहून ठेविलें आहे. पूर्णत्व आपल्याला लाभलें नाहीं, परंतु प्रयत्नच केला नसता तर झालों असतों त्यापेक्षां अधिक चांगले आणि अधिक सुखी झालों, असा त्यांचा वयाच्या ७९ व्या वर्षींचा निर्वाळा आहे. ज्या यादींतील सगळीं कामें झालीं नाहींत ती यादी फुकट गेली, असें मानणाऱ्यांनीं हा निर्वाळा ध्यानांत ठेवावा. आणि ज्यांना वहीचा उपयोग करावयाचा आहे त्यांनीं ठिपका चुकीला द्यावा कीं केलेल्या कामाला, हें आपल्या स्वभावाप्रमाणें ठरवावें. कित्येकांना काळे ठिपके मोजून उत्साह येतो. पुष्कळांना तेच ठिपके पाहून वही बंद करावीशी वाटते.

आतां निवडीकडे येऊं. कारण लांब यादीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ती निवड करूं देत नाहीं. लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगांत होते. तेथें त्यांनीं जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला, आणि पुढें लिहावयाच्या ग्रंथांची एक यादीहि केली. तींत हिंदु धर्माचा इतिहास होता, शिवाजीमहाराजांचें चरित्र होतें, हिंदु कायदा होता, आणि गणितांतील कलनशास्त्रहि होतें. या संकल्पित ग्रंथांपैकीं पूर्णत्वास जाऊन लोकांच्या हातीं पडला तो गीतारहस्य. १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चअखेरपर्यंत, म्हणजे सुमारें पांच महिन्यांत, शिसपेन्सिलीनें त्यांनीं तो लिहून काढला, आणि सुटकेनंतर १९१५ सालीं तो प्रसिद्ध झाला. सुटून आल्यावर उरलेल्या सहा वर्षांत राष्ट्राच्या कामानें त्यांना दुसऱ्या ग्रंथासाठीं तशी निवांत सवड मिळूं दिली नाहीं. यादींत कितीतरी ग्रंथ होते, पूर्ण एक झाला. पण त्या पांच महिन्यांत तो एकच त्यांच्यापुढें होता. हीच वृत्ति त्यांच्या तरुणपणींहि दिसते. डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष त्यांनीं शरीर कमावण्याला दिलें. त्या वर्षीं परीक्षा हातची गेली, परंतु कमावलेली प्रकृति मंडालेच्या सहा वर्षांत कामास आली असेल असें मानावयास हरकत नाहीं.

आपण कोणी लोकमान्य नव्हे, आणि सुदैवानें आपली सुट्टी तुरुंगांत जावयाची नाहीं. परंतु सहा आठवड्यांत एक मोठें काम आणि फार तर एक लहान नेम, यांहून अधिक आपल्याला झेपत नाहीं, एवढें यावरून घेतां येईल. मग दहांतून एक कसें निवडावें? माझें उत्तर असें, कीं ज्या कामाचा पाऊस सर्वांत जवळ आला आहे तें निवडावें. ज्ञानेश्वरी सातशें वर्षें आपल्यासाठीं थांबली आहे. ती आणखी एक वर्ष थांबेल. पेटीचा भाता पुढच्या वर्षींहि शिवतां येईल. पण यादींत चौथ्या क्रमांकावर जें एक साधें काम आहे, जुन्या छायाचित्रांच्या पाठीं नांवें लिहिण्याचें, त्याची गोष्ट वेगळी. बहुतेक घरांतून ते सगळे चेहरे ओळखणारें माणूस आतां एकच उरलेलें असतें. कोणाची आजी, कोणाची थोरली आत्या, कोणाचे काका. ही मुंडावळ्या बांधलेली मुलगी कोण, हा टोपीवाला गृहस्थ कोणत्या गांवचा, या वाड्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या पांच भावांत आपले पणजोबा कोणते, हें त्यांनाच ठाऊक. त्या माहितीचा मृग पंचांगांत छापलेला नसतो. दहा दुपारीं, दिवसाला वीस छायाचित्रें, एक मऊ पेन्सिल आणि ऐकणारे कान, एवढ्यानें जें साधेल तें पुढें कितीहि पैसे खर्चून साधणार नाहीं. आपल्या यादींत असें एखादें काम दडलेलें आहे काय, हें आज रात्रीं प्रत्येकानें पाहावें. तें सांपडलें तर बाकी यादी खुशाल घडी घालून ठेवावी.

यादी कोणाची, हाहि प्रश्न विचारला पाहिजे. सुट्टींत घरांतील प्रत्येकाची यादी असते. मुलाला चित्रकला शिकावयाची असते, वडिलांना वाचन करावयाचें असतें, कॉलेजांतील मुलीला गड चढावयाचे असतात. घरांतील बाईची यादी बहुधा या सगळ्यांच्या याद्यांची बेरीज असते. मुलाच्या वर्गाची वेळ तिनें सांभाळावयाची, वडिलांच्या वाचनाच्या वेळीं चहा तिनें द्यावयाचा, गडावर नेण्याचा डबा तिनें भरावयाचा. मघांशीं मीं ज्या बेगमीच्या यादीचे गुण गाइले, ती पुरी करणारीच्या मनांत स्वतःची म्हणून एखादी ओळ होती कीं नव्हती, हें आपण तिला कधीं विचारलें नाहीं. आज ती नोकरी करीत असली तर तिला सहा आठवड्यांची सुट्टीहि नसते. म्हणून कुटुंबाची यादी एकत्र बसून करावी, प्रत्येकाच्या नांवापुढें एकच ओळ लिहावी, आणि पहिली ओळ घरच्या बाईची असावी. त्या ओळीसाठीं रोज एक तास असा राखावा कीं त्या तासांत तिला कोणी कांहीं मागणार नाहीं. चहा करणें सर्वांना शिकतां येण्यासारखें आहे. मुलांच्या ओळी मात्र मुलांनींच लिहाव्यात. आईबापांनीं लिहिलेली मुलाची यादी म्हणजे सुट्टीच्या नांवाखालीं भरविलेली शाळा होय. ती मुलाच्या हातीं जाण्यापूर्वींच त्याची झालेली नसते.

पाहुणे येतील, लग्नें निघतील, एखादा दिवस उन्हानें डोकें दुखेल. यासाठीं आठवड्यांतून एक दिवस कोरा ठेवावा. राहिलेलें काम त्या दिवशीं भरून काढावें, आणि कांहीं राहिलें नसेल तर आंबे खावेत. ज्या नेमाला अशी जागा नसते तो पहिल्याच पाहुण्याबरोबर घराबाहेर पडतो.

शेवटीं पाऊस येतो. त्या दिवशीं यादी काढून प्रत्येक ओळीपुढें तीनपैकीं एक खूण करावी. झालें, अर्धें झालें, आणि आपल्याला हें खरोखर नकोच होतें. तिसरी खूण करण्यास संकोच वाटूं नये. दहा वर्षें यादींत बसून राहिलेली एखादी इच्छा कधीं काळीं खरी असेल. आज ती सवयीनें तेथें बसली आहे. तिला सन्मानानें निरोप दिला म्हणजे उरलेल्या ओळींना श्वास घेतां येतो.

आणि अर्ध्या राहिलेल्या कामाचें काय करावें? त्यासाठीं वाळवणाच्याच जगांतील एक खरी हकीकत सांगतें. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईंत गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशीं चार पाकिटें झालीं. पहिल्या वर्षीं पावसाळा आला तेव्हां पापड वाळेनात, म्हणून चार महिने त्यांना काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे, खाटेखालीं स्टोव्ह पेटवावयाचा. बाहेर पाऊस पडत असतांना आंत पापड वाळूं लागले. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या नांवानें आज देशभर ओळखली जाणारी संस्था ती हीच.

उन्हाळ्यानें सुरू करून दिलेलें काम पावसांत चालू ठेवावयाचें, तर अशी एक खाट आणि एक स्टोव्ह लागतो. सुट्टीचा तास संपला, शाळा-कचेऱ्या सुरू झाल्या, तरी दिवसाचीं वीस मिनिटें आणि ती खिडकीपाशींची चटई ठेवतां येते. सव्वादोनशें ओव्यांच्या जागीं पंचवीस होतील. पंचवीस ओव्यांनीं उरलेले नऊ अध्याय संपावयास आठेक महिने लागतील. पण ते संपतील, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या यादींत ती ओळ पुन्हां लिहावी लागणार नाहीं.

सुट्टीला अजून आरंभ व्हावयाचा आहे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्वांनीं एक कागद घेऊन बसावें, प्रत्येकानें एक ओळ लिहावी, आणि तिच्याखालीं उद्यां सकाळीं काय करावयाचें तेंहि लिहावें. गहूं आज भिजत पडले तर कुरडया वेळेवर होतील.